रहोबोथचा पहिला पेला

माझ्या मामाला सगळे गिरमिट म्हणत. सुतार लाकडाला भोक पाडायला वापरतो ते गिरमिट. मामा जमिनीला भोकं पाडायचा, बोअरच्या विहिरी, म्हणून हे नाव पडलं असं तो सांगे. मामीचं मत वेगळं होतं. "धंद्याचा काही संबंध नाही," ती म्हणायची. "हा माणूस एकदा बोलायला लागला की समोरच्याच्या कानाला भोक पडतं. म्हणून गिरमिट."

मामीचंही खोटं नव्हतं. पस्तीस वर्षं कंप्रेसरशेजारी उभं राहून मामाचा उजवा कान गेला होता, आणि ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो सगळ्या जगाला बहिरं समजतो. जेवताना "मीठ दे" म्हणाला तर शेजारीण मीठ घेऊन दारात यायची.

पण मामाचं नाव झालं ते त्याच्या जिभेमुळे. बोअरवाल्यांची एक रीत आहे. पाणी लागलं की आधी दगडाची भुकटी, चिखल, गढूळ पाणी सगळं वाहून जाऊ देतात. पाणी नितळ झालं की पहिला पेला बोअर पाडणाऱ्याच्या हातात. तो पितो आणि काय ते सांगतो. तोपर्यंत मालकसुद्धा त्या पाण्याला तोंड लावत नाही. मामा तो पेला कधी एका दमात प्यायला नाही. एक घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचा, घोट या गालातून त्या गालात फिरवायचा. मग एकच शब्द बोलायचा. गोड. मचूळ. खारं. लोखंडी. त्याच्यावर अपील नाही.

एकदा एका बड्या असामीनं बोअरच्या उद्घाटनाला मंडप घालून पाहुणे बोलावले होते. पेला देताना तो मामाच्या चांगल्या कानाशी पुटपुटला, "गिरमिट, चारचौघांत जरा सांभाळून." मामानं घोट फिरवला आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "खारं!" घरी आल्यावर मामी कपाळाला हात लावून बसली. मामा म्हणाला, "ज्याला जीभ सांभाळायचीय त्यानं वकिली करावी. भोकं पाडू नयेत."

मामा राहायचा ती वस्ती दगडखाणीतल्या कामगारांची. खाण बंद पडली तेव्हा चाळीस कुटुंबांना बराकींतून उठवून दोन कोसांवरच्या उघड्या माळावर जागा दिल्या. बराकीत एका खोलीत सात-सात माणसं होती. पाय लांब केला तर दुसऱ्याच्या ताटात जायचा. माळावर जागा अमाप होती आणि पाण्याचा थेंब नव्हता. मामा तेव्हा तिशीतला. खाणीत सुरुंगाची भोकं पाडता पाडता तो बोअरचं यंत्र चालवायला शिकला होता. वस्तीला पाणी काढून देणं हे ओघानंच त्याच्यावर आलं.

पहिली बोअर त्यानं माळाच्या वरच्या अंगाला घेतली. नव्वद फुटांवर पाणी लागलं. चवीला मचूळ, पण पाणी होतं. तिसऱ्या दिवशी वरच्या वस्तीतले लोक काठ्या घेऊन आले. हा थर आमचा, म्हणून पाणी आमचं. ते आधीपासून राहत होते आणि संख्येनंही जास्त होते. बोअर त्यांच्याकडे गेली. दुसरी बोअर मामानं आमच्या हद्दीत घेतली. तिथेही नव्वद फुटांवर तेच मचूळ पाणी. आठ दिवसांनी बायका पाण्याला गेल्या तर बोअर तोंडापर्यंत दगड-मुरमानं भरलेली.

त्या रविवारी प्रार्थनेला मास्तरांनी इसहाकाची गोष्ट वाचली. मास्तर म्हणजे खाणीच्या शाळेत वस्तीच्या दोन पिढ्यांना अक्षर शिकवलेले म्हातारे गृहस्थ. बायबल वाचून दाखवायचं कामही त्यांच्याकडेच होतं. इसहाकाच्या चाकरांनी खोऱ्यात विहीर खणली, तर तिथले गुराखी आले आणि म्हणाले, पाणी आमचं. इसहाकानं त्या विहिरीचं नाव एसेक ठेवलं, म्हणजे तंटा. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण झालं. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. मग तो तिथून उठला, पुढे गेला, तिसरी विहीर खणली. तिच्यासाठी कोणी भांडायला आलं नाही. तिला त्यानं नाव दिलं रहोबोथ. मोकळी, प्रशस्त जागा.

"आपल्या दोन झाल्या," मास्तर पुस्तक मिटून म्हणाले. "गिरमिट, तिसरी कुठे घेतोस?"

तिसरी मामानं माळाच्या पार दुसऱ्या टोकाला घेतली. मास्तर खुर्ची टाकून शेजारी बसले. नव्वद फुटांवर यंत्रानं पुन्हा ओली करडी भुकटी फेकली. मामानं ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं.

"तेच?" मास्तरांनी विचारलं.

"तेच. त्यांच्याच थरातलं."

"म्हणजे पुन्हा काठ्या."

मामानं एकशेवीस फुटांपर्यंत बिनभोकांचा लोखंडी पाइप उतरवला. याला केसिंग म्हणतात. वरचा मचूळ थर त्या पाइपाबाहेर कोंडला गेला. त्यातला थेंबही आत येणार नव्हता, म्हणजे वरच्या वस्तीला तक्रारीला जागाच नव्हती. मग तो खाली निघाला. रॉडला रॉड जोडत गेला. तीनशे चाळीस फुटांवर गुलाबी दगडाची भुकटी आली आणि तिच्यामागून पाणी असं उसळलं की मास्तर खुर्चीसकट भिजले.

पहिला पेला मामानं नेहमीपेक्षा जास्त वेळ तोंडात धरला. मामी सांगायची, "मला वाटलं, ह्याला उचकी लागली." डोळे उघडून तो म्हणाला, "गोड. एवढं गोड मी अजून प्यायलो नाही." चाळीस कुटुंबं नुसती रडली. मास्तरांनी ओल्या सिमेंटच्या ओट्यावर बोटानं लिहिलं, रहोबोथ. त्या पाण्यासाठी खरंच कोणी भांडायला आलं नाही.

नाव पसरायला वेळ लागला नाही. आधी ते बोअरचं नाव होतं, महिन्याभरात वस्तीचं झालं. बसवाल्यांनी थांब्यावर तेच रंगवलं. मग रहोबोथ किराणा, रहोबोथ सायकल दुरुस्ती, आणि सगळ्यांत जोरात चाललेली रहोबोथ लाँड्री. त्या पाण्याला साबणाचा असा फेस यायचा की शहरातली हॉटेलं चादरी धुवायला इकडे पाठवू लागली. पाणी लागलं त्याच आठवड्यात एक मुलगा झाला, त्याचं नाव रहोबोथ ठेवलं. मग दुसरा. मग एक मुलगी. नाव बाईचं की बाप्याचं हे कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे कोणाचीच अडचण झाली नाही. शाळेत एकाच वर्गात तीन जमले तेव्हा हजेरीला घोटाळा होऊ लागला आणि बाईंनी त्यांना जन्माच्या क्रमानं हाका मारायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरी. ते इतकं चिकटलं की मामाची नात जन्मली तेव्हा बारशाआधीच ती सातवी होती. आजही तिला कोणी दुसऱ्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघत नाही.

लोक बाहेर पडले तसं नावही बाहेर पडलं. पहिला ट्रकवर गेला आणि त्यानं ट्रकच्या कपाळावर तेच लिहिलं. वस्तीतली एक नर्स परदेशी गेली, तिनं तिथल्या घराला तेच नाव दिलं आणि पत्रात आश्चर्यानं कळवलं की इकडे या नावाचं एक अख्खं गाव आधीपासून आहे. मी शिकत असताना नकाशे धुंडाळले, तर एक नाही, बरीच सापडली. तीन खंडांत. एक रखरखीत मुलखात, एक चक्क समुद्रकाठी. मामाला दाखवलं तर तो नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "समुद्रकाठी? तिथे बोअरवाला काय करत असेल?" पण तो खूश होता. कुठल्या काळातल्या कुणा मेंढपाळाच्या विहिरीचं नाव जगभर फिरत फिरत त्याच्या तीनशे चाळीस फुटांपर्यंत आलं होतं. त्या साखळीत आपली एक कडी आहे याचा त्याला भारी अभिमान. पाहुणा आला की चहाआधी ओटा दाखवायचा.

वस्तीतल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे असत. आम्हाला वाटायचं, खाणीतल्या माणसांची मुलं, दात असेच असणार. मामाच्या घरी सुट्टीला गेले की मी ते पाणी दोन-दोन तांबे प्यायचे. माझे दात पांढरे राहिले, कारण मी वर्षात पंधरा दिवसच तिथे असायचे.

मग पाय वळू लागले. सातवी चार वर्षांची असताना तिचे गुडघे एकमेकांकडे झुकू लागले, दहाव्या वर्षी चालताना एकमेकांवर घासू लागले. चौथ्याची पाठ ताठ झाली; त्याला मागचं बघायचं तर अख्खं वळावं लागे. कोणी म्हणालं, उन्हात खेळत नाहीत. कोणी म्हणालं, खाणीतली धूळ बापाच्या रक्तातून आली. शहरातल्या हॉस्पिटलात हाडांच्या विभागात वस्तीची इतकी मुलं जाऊ लागली की तिथल्या लोकांनी आजाराला नावच देऊन टाकलं. मी स्वतः ऐकलंय. सातवीला घेऊन बाकावर बसले होते, आणि दाराशी उभा असलेला कंपाउंडर आतल्याला म्हणाला, "तीन प्लास्टर, एक रहोबोथ."

सातवीनंही ऐकलं. ती म्हणाली, "ताई, समुद्रकाठच्या त्या गावात पण असंच म्हणत असतील?"

तोवर मी शिकून पाण्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. नवीन यंत्र आलं होतं आणि ते जुळवून घ्यायला आम्हाला घरून एकेक खात्रीचं, चांगलं पाणी आणायला सांगितलं. मी रहोबोथचं नेलं. जगातलं सगळ्यांत चांगलं पाणी कुठलं असं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. यंत्रानं फ्लोराइड दाखवलं सात. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या आत हवं. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय. तिसऱ्यांदा सात आलं तेव्हा मी बाकीच्यांच्या बाटल्या तपासल्या. त्या ठीक होत्या.

मामाला सांगायला गेले तेव्हा तो अंगणात पाना घासत बसला होता. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं. फ्लोराइडला चव नसते. ते खोल खडकातून पाण्यात उतरतं, विशेषतः जिथे पाण्यात चुना कमी असतो तिथे. चुना कमी म्हणजे पाणी मऊ, फेस भरपूर, चव गोड. चुना जास्त म्हणजे पाणी जड, चव मचूळ, पण त्यात हे विष सहसा टिकत नाही.

पाना बाजूला ठेवून तो उठला. आत गेला आणि त्याची लाकडी पेटी घेऊन आला. प्रत्येक बोअरची, प्रत्येक रॉडची भुकटी तो खणाखणाच्या पेट्यांत भरून ठेवायचा. त्याला मी लहानपणी 'मामाचे मसाले' म्हणायचे. त्यानं रहोबोथची पेटी उघडली. नव्वद फुटांच्या खणातली करडी भुकटी एका तळहातावर घेतली, तीनशे चाळीसची गुलाबी दुसऱ्यावर.

"हे," करड्या भुकटीकडे बघत तो म्हणाला, "हे चांगलं होतं?"

"तपासावं लागेल. पण वरच्या वस्तीतल्या पोरांचे दात बघ, मामा."

वरच्या वस्तीनं काठ्या घेऊन जिंकलेलं मचूळ पाणी ते तीस वर्षं नावं ठेवत पीत होते. त्यांची मुलं सरळ पायांनी पळत होती.

"म्हणजे चांगलं पाणी मीच पाइपाबाहेर कोंडलं," मामा म्हणाला. "हातानं कोंडलं. भांडण नको म्हणून."

त्या संध्याकाळी वस्तीतली माणसं ओट्याशी जमली. मी कागद वाचून दाखवला. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग लाँड्रीवाल्या काकू उभ्या राहिल्या. काकू वस्तीच्या समितीच्या अध्यक्ष. त्यांचा शब्द म्हणजे वस्तीचा शब्द.

"पोरी, तू शिकलीस, आम्हाला आनंद आहे," त्या म्हणाल्या. "पण विषाला असा फेस येतो का गं? कडधान्य दोन शिट्ट्यांत शिजतं. माझी सासू हे पाणी पिऊन नव्वदीत गेली."

"काकू, म्हातारी माणसं इथे आली तेव्हा त्यांची हाडं पक्की झालेली होती. लहान मुलांच्या हाडांत—"

"आणि तीस वर्षांत तुझ्या मामाला कळलं नाही? ज्याच्या जिभेला लोखंडाचा कण कळतो त्याला?"

मामा उठला. "याला चव नसते, वहिनी. माझ्या जिभेला नाही कळत हे. चूक माझी आहे."

तो पहिल्यांदाच हळू बोलला, म्हणून कोणाला नीट ऐकू गेलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "भाचीनं भरवलंय म्हाताऱ्याला."

मी अहवाल सरकारी कार्यालयात दिला. त्यांनी माणूस पाठवून नळाला लाल रंगाची फुली मारली. आठ दिवसांत ती धुऊन निघाली. त्या पाण्याला फेसच तसा येतो.

मामानं तेवढ्यात एक काम केलं. वय अडुसष्ट, तरी त्यानं जुनं हातयंत्र काढलं, साखळीला वंगण दिलं आणि रहोबोथपासून वीस पावलांवर स्वतः एक उथळ बोअर घेतली. साताठ दिवस लागले. सातवी शेजारी डबा उपडा टाकून बसायची आणि भुकटी खणांत भरायची. नव्वद फुटांवर करडं, ओलं लागलं. मी नमुना नेला. फ्लोराइड अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. नितळ पाणी. मामानं हातपंप बसवला, लोकांना बोलावलं, पहिला पेला घेतला, डोळे मिटले.

"मचूळ आहे," तो म्हणाला. "पण हेच प्या."

लोकांनी एकेक घोट घेतला. अर्ध्यांनी थुंकला. काकूंनी पदराला तोंड पुसलं. "गिरमिटभाऊ, हे औषध आहे. दिवसातून दोन चमचे घेऊ." सगळे हसले. साबण लावून बघितला, तर हाताला नुसता राखाडी मळ. दुसऱ्या दिवसापासून त्या पंपावर दोनच माणसं, मामा आणि सातवी. सातवीची आईसुद्धा स्वयंपाकाला गुपचूप रहोबोथचं आणायची. मचूळ पाण्यात काही शिजत नाही, तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही.

मी मामाला म्हणाले, "गोड आहे म्हणायचं होतंस. तुझ्या शब्दावर प्यायले असते."

"जे जिभेवर नाही ते तोंडातून कसं काढू?" तो म्हणाला. नेहमीसारखं ओरडून नाही.

शेवटी कार्यालयानं रहोबोथच्या मोटरची वीज तोडली. मला वाटलं, आता तरी. पण समितीची बैठक बसली आणि ठरलं की जुनी बोअर बिघडली असेल, तर नवी घेऊ. पन्नास पावलांवर. नवं भोक, नवं पाणी. काम दिलं चेल्याला. चेला म्हणजे मामाच्याच हाताखाली तयार झालेला बोअरवाला, आता पंचेचाळिशीचा, स्वतःचं मोठं यंत्र असलेला. मामा त्याच्या घरी गेला.

"अरे, एकाच माठाला दुसरी तोटी लावतोयस तू. खाली खडक तोच आहे."

"उस्ताद, मी नाही म्हणालो तर ते दुसऱ्याला बोलावतील," चेला मान खाली घालून म्हणाला. "तो केसिंग तरी नीट घालेल का?"

काम सुरू झालं. तिकडे यंत्र घरघरत होतं आणि इकडे मामा घरात भिंतीकडे तोंड करून पडून होता, चांगला कान उशीत दाबून. मी रजा काढून गेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सातवी त्याच्या खाटेशी येऊन बसली. तिला खाली बसायला वेळ लागतो. एक पाय आधी बाजूला टाकावा लागतो.

"आजोबा, उद्या पाणी लागेल. पहिला पेला ते तुम्हालाच देणार आहेत. काकू सांगत होत्या. मानाचा पेला."

"देऊ देत. मी जाणार नाही."

"जा." ती त्याच्या कानाशी वाकली. "जा, आणि मचूळ आहे म्हणा."

मामा उठून बसला.

"एकदाच," सातवी म्हणाली. "तुम्ही मचूळ म्हणालात की समिती ती बोअर घेणार नाही. मग हातपंपाशिवाय त्यांच्याकडे काही उरणार नाही. माझे पाय गेले ते गेले, आजोबा. बाराव्याला अजून दात यायचेत."

बारावा म्हणजे काकूंच्या लेकीचा मुलगा, आठ महिन्यांचा. वस्तीतला बारावा रहोबोथ. काकू त्याला दिवसभर कडेवर घेऊन लाँड्रीत फिरायच्या. अजून आईच्या अंगावर होता. हाडं कोवळी.

"आयुष्यात एकदाच खोटं बोलायचं," मामा म्हणाला. त्यानं सातवीच्या गुडघ्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. "बरं. मचूळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तीनशे पंचावन्न फुटांवर पाणी उसळलं. वस्ती टाळ्या वाजवत होती. ओटा आधीच बांधून तयार होता आणि त्यावर संगमरवराचा तुकडा, कोरून आणलेला. रहोबोथ. नवं असं काही लिहिलं नव्हतं, नुसतंच तेच. सिमेंटमधली मास्तरांची बोटं पन्नास पावलांवर राहिली.

मामानं इस्त्रीचा सदरा घातला होता. मी आणि सातवी शेजारी होतो. चेल्यानं पाणी नितळ होऊ दिलं, पेला भरला, स्वतःचं डोकं झुकवून मामाच्या हातात दिला. मामानं घोट घेतला, डोळे मिटले. या गालातून त्या गालात. मला त्याच्या गळ्याची शीर दिसत होती. त्यानं इतका वेळ घेतला की मला वाटलं, तो गिळणारच नाही.

"मचूळ," मामा म्हणाला.

काकूंनी बाराव्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईच्या हातातली घागर खाली आली. एवढा वेळ, दहाबारा श्वासांचा असेल, आम्ही जिंकलो होतो.

मग चेल्यानं मामाच्या हातातून पेला घेतला. अपमान म्हणून नाही. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. पाणी मचूळ लागलं तर कुठला थर चुकला हे त्याला कळायला हवं होतं. तो चाखायला शिकला होता मामाकडूनच. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, गालातून फिरवला. डोळे उघडले तेव्हा तो मामाकडे बघू शकला नाही.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "गोड आहे."

काकूंनी पेला घेतला. त्यांच्या शेजारणीनं घेतला. पेला हातोहात फिरला आणि प्रत्येकाच्या तोंडावर तेच. गोड. मामाकडे कोणी रागानं बघितलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला खुर्चीवर बसवलं.

"वय झालं हो भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी साखर कडू लागायची."

"म्हातारा तेव्हापासूनच चळला असेल," मागून एक आवाज आला, दयेनं. "उगीच त्या जुन्या पाण्याला बिचारा दोष देत बसला."

मी बोलायला तोंड उघडलं. आकडे होते, कागद पिशवीत होता. पण ज्या तोंडानं त्यांनी तीस वर्षं पाणी ओळखलं त्या तोंडावरचा विश्वास नुकताच उडाला होता, आणि माझा कागद त्या तोंडापेक्षा मोठा कधीच नव्हता.

काकूंनी पेल्यात करंगळी बुडवली आणि ती बाराव्याच्या ओठांना लावली. त्यानं बोट चोखलं आणि हसला. हिरड्या गुलाबी, मोकळ्या. लोक हसले. चेल्यानं मोटर सुरू केली.

घरी आल्यावर मामा हातपंपावर गेला. चूळ भरली, पुन्हा भरली. सातवीनं पंप हापसला. तिला एका हातानं खांब धरून हापसावा लागतो. तो ओट्यावर बसला, सदऱ्याची ओली बाही पिळत.

"आजोबा," सातवीनं विचारलं, "खरं कसं होतं?"

मामा आयुष्यभर सगळ्या जगाला ऐकू जाईल असं बोलला. हे आम्हा दोघींनाच ऐकू आलं.

"गोड," तो म्हणाला. "पहिल्यापेक्षा गोड."